ब्रिजमधील सक्तीच्या बोली आणि सशक्त पाने : नव्या जोड्यांसाठी मार्गदर्शन

ब्रिज या खेळाचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात चारही खेळाडू आळीपाळीने बोली करून कोणती जोडी, कोणता हुकूम ठरवून आणि किती दस्त करण्याचे वचन देऊन खेळणार हे निश्चित करतात, आणि दुसऱ्या भागात ते वचन प्रत्यक्ष पाने टाकून पुरे करायचे असते. चारही खेळाडूंनी एकेक पान टाकल्यावर जो हात पूर्ण होतो त्याला येथे दस्त म्हटले आहे, कारण ‘हात’ हा शब्द खेळाडूच्या तेरा पानांसाठीही वापरला जातो आणि त्यामुळे घोटाळा होतो. पेडणे, डिचोली आणि एकूणच उत्तर गोव्याच्या घरांत मेंढीकोट खेळत वाढलेल्या माणसाला दुसरा भाग जड जात नाही, कारण रंगाला रंग देणे, हुकूम राखून ठेवणे, गेलेली पाने लक्षात ठेवणे आणि समोरच्या भिडूला साथ देणे या सवयी त्याच्या अंगात मुरलेल्याच असतात. अडचण येते ती बोलीत, आणि बोलीतही विशेषतः पाने फार चांगली आलेली असताना.

ही अडचण समजण्याजोगी आहे, कारण या भागात रुळलेल्या पत्त्यांच्या खेळांत अशी बोली नसते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांकडे जाईपर्यंत पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे महाल सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली होते, आणि त्याच सावंतवाडीत लाखेच्या रंगकामाने सजवलेला गंजिफा आजही तयार होतो. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकी बारा पाने अशा एकशेवीस पानांच्या दशावतारी गंजिफ्यात दिवसा रामाचा राजा असलेला खेळाडू उतारी करतो आणि रात्री कृष्णाचा राजा असलेला. तेथे बोली नाही आणि आगाऊ दिलेले वचनही नाही. मेंढीकोटमध्ये जोड्या असतात, पण हुकूम बंद ठेवून किंवा खेळता खेळता ठरतो आणि भिडूला पानांची माहिती सांगण्याचा अधिकृत मार्ग नसतो. ब्रिजने मात्र असा मार्ग खुला केला असून बोली हाच तो मार्ग आहे. म्हणून या खेळात सर्वांत आधी शिकावी अशी गोष्ट म्हणजे कोणत्या बोलीवर भिडूला पास म्हणता येत नाही आणि ते बंधन कोठपर्यंत टिकते, ही होय. जोडीने हे आधी ठरवलेले नसेल, तर उत्तमोत्तम पानेही वाया जातात.

बोलीची शिडी आणि तिची उद्दिष्टे

बोली एकापासून सातापर्यंतच्या पायऱ्यांवर होते. प्रत्येक पायरीतील आकड्यात सहा मिळवले की वचन दिलेल्या दस्तांची संख्या मिळते. म्हणजे ‘एक बदाम’ या बोलीत बदाम हुकूम करून सात दस्त करण्याचे वचन असते, तर ‘चार बदाम’ या बोलीत दहा दस्तांचे. एकाच पायरीवर किल्वर सर्वांत खाली, त्यावर चौकट, मग बदाम, मग इस्पिक आणि सर्वांत वर नो ट्रम्प, म्हणजे हुकमाविना खेळ, असा क्रम असतो. किल्वर आणि चौकट यांना मायनर रंग आणि बदाम व इस्पिक यांना मेजर रंग म्हणतात. मायनर रंगात सहाच्या पुढील प्रत्येक दस्ताला २० गुण, मेजर रंगात ३० गुण, आणि नो ट्रम्पमध्ये पहिल्या दस्ताला ४० व पुढील प्रत्येकाला ३० गुण मिळतात. वचनाची किंमत १०० गुणांपर्यंत पोचली की त्याला गेम म्हणतात. म्हणून तीन नो ट्रम्प, चार बदाम, चार इस्पिक, पाच किल्वर आणि पाच चौकट ही गेमची वचने ठरतात.

सशक्त पानांचा सारा प्रश्न येथूनच उभा राहतो, कारण बक्षिसाचे गुण केलेल्या दस्तांना नव्हे, तर आधी वचन देऊन केलेल्या दस्तांना मिळतात. डुप्लिकेट ब्रिजमध्ये गेमपेक्षा कमी वचन पुरे केल्यास ५० गुणांचे बक्षीस असते, तर गेमचे वचन पुरे केल्यास साध्या स्थितीत ३०० आणि व्हल्नरेबल स्थितीत ५०० गुण मिळतात. व्हल्नरेबल म्हणजे ज्या डावात बक्षीस आणि दंड दोन्ही वाढलेले असतात अशी आधीच ठरलेली स्थिती. बारा दस्तांच्या वचनाला, म्हणजे स्मॉल स्लॅमला, गेमखेरीज ५०० किंवा ७५० गुण, आणि तेराही दस्तांच्या वचनाला, म्हणजे ग्रँड स्लॅमला, १००० किंवा १५०० गुण अधिक मिळतात. अमेरिकेतील हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ मध्ये गुणदानाची ही दिशा निश्चित केली आणि तेव्हापासून कॉन्ट्रॅक्ट ब्रिज हा मुख्यतः अचूक बोलीचा खेळ बनला.

पानांचे बळ मोजण्याची सर्वमान्य पद्धत सोपी आहे. एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २ आणि गुलामाला १ गुण धरला की प्रत्येक रंगात १० आणि चारही रंगांत मिळून ४० गुण होतात. जोडीजवळ मिळून सुमारे २५ किंवा २६ गुण असतील तर तीन नो ट्रम्प किंवा चारच्या पायरीवरचा मेजर गेम बहुधा होतो. स्मॉल स्लॅमसाठी सुमारे ३३ आणि ग्रँड स्लॅमसाठी सुमारे ३७ गुणांची अपेक्षा धरतात. हे आकडे सम वाटणीच्या पानांसाठी ठीक आहेत, पण लांब रंग असलेल्या पानांत गुणांपेक्षा प्रत्यक्ष होणारे दस्त मोजणे अधिक विश्वसनीय ठरते.

बोलीचे चार प्रकार

भिडूने केलेली कोणतीही बोली ऐकताच खेळाडूने स्वतःला विचारावयाचा प्रश्न एकच असतो : या बोलीवर पास म्हणता येईल काय? या प्रश्नाच्या उत्तरावरून बोलींचे चार वर्ग पडतात. पहिला वर्ग थांबवणाऱ्या बोलींचा. त्यांवर भिडूने पास म्हणावे अशीच अपेक्षा असते. दुसरा वर्ग आमंत्रक बोलींचा. भिडूची पाने त्याने आधी सांगितलेल्या मर्यादेत किमान असतील तर त्याने पास म्हणावे आणि कमाल असतील तर पुढे जावे, असे ती बोली सुचवते. तिसरा वर्ग एका फेरीपुरत्या सक्तीच्या बोलींचा. त्यांवर भिडूला निदान एकदा तरी बोलावेच लागते. चौथा वर्ग गेमपर्यंतच्या सक्तीचा. अशी बोली एकदा झाली की गेमचे वचन गाठेपर्यंत, किंवा प्रतिस्पर्ध्यांच्या वचनाला डबल, म्हणजे दंड वाढवणारे आव्हान, देऊन त्यांना दंड करेपर्यंत, जोडीतील कोणालाही थांबता येत नाही. शेवटच्या दोन वर्गांनाच खेळाडू फोर्सिंग बोली म्हणतात.

कोणती बोली कोणत्या वर्गात पडते हे पाठांतराने नव्हे, तर एका तत्त्वाने ओळखता येते. ज्या बोलीने पानांचे बळ एका अरुंद मर्यादेत सांगून टाकले ती सहसा सक्तीची नसते, कारण आता भिडू दोघांच्या गुणांची बेरीज करून निर्णय घेऊ शकतो. उदाहरणार्थ, एक नो ट्रम्प ही सुरुवातीची बोली आजच्या बहुतेक पद्धतींत १५ ते १७ गुणांची सम वाटणी दाखवते, म्हणून तिच्यावर दुबळ्या पानांनी पास म्हणणे अगदी योग्य ठरते. उलट, ज्या बोलीला वरची मर्यादाच नाही ती सक्तीची असते, कारण बोलणाऱ्याजवळ अजून पुष्कळ सांगण्यासारखे असू शकते. म्हणूनच सुरुवातीच्या बोलीला उत्तर देणाऱ्याने आधी पास म्हटलेले नसेल, तर त्याने काढलेला नवा रंग एका फेरीपुरता सक्तीचा मानतात. त्याने आधी पास म्हटलेले असेल तर त्याचे बळ मर्यादित असल्याचे सर्वांना कळलेले असते आणि ती सक्ती उरत नाही.

या नियमाचा एक अपवाद लक्षात ठेवावा. एका फेरीची सक्ती असताना मधल्या प्रतिस्पर्ध्याने बोली केली किंवा डबल दिली, तर सक्तीने बांधलेल्या खेळाडूला पास म्हणण्याची मोकळीक मिळते, कारण भिडूला पुन्हा बोलण्याची संधी आता आपोआपच मिळणार असते. सक्तीचा हेतू भिडूला बोलीची आणखी एक पाळी मिळवून देणे हाच असल्यामुळे, तो हेतू अन्य मार्गाने साधत असेल तेथे बंधन सैल होते.

रोजच्या खेळातील सक्तीच्या बोली

सर्वांत जास्त वेळा येणारी सक्तीची बोली म्हणजे उत्तर देणाऱ्याचा नवा रंग. भिडूने एक चौकट म्हटल्यावर सहा किंवा त्याहून अधिक गुण आणि चार इस्पिके असतील तर ‘एक इस्पिक’ म्हणावे. त्या एका बोलीत सहा गुणही असू शकतात आणि अठराही. दोनच्या पायरीवर नवा रंग काढण्यासाठी साध्या पद्धतीत निदान दहा गुण लागतात. ‘टू ओव्हर वन’ नावाच्या, अमेरिकेत रुजलेल्या पद्धतीत एक बदाम किंवा एक इस्पिकवर दोनच्या पायरीवर खालचा नवा रंग काढला की तेथूनच गेमची सक्ती सुरू होते आणि मधल्या बळाची पाने एक नो ट्रम्पच्या उत्तराने सांगितली जातात. या पद्धतीचा लाभ असा की गेम निश्चित झाल्यावर दोघांनाही घाई न करता कमी पायऱ्यांवर पाने वर्णन करता येतात आणि स्लॅमचा शोध निवांतपणे घेता येतो.

बोली उघडणाऱ्याकडूनही सक्ती येते. पुढील पाने पाहावीत : इस्पिक छक्की, तिर्री, बदाम एक्का, राणी, गुलाम, पंजी, चौकट एक्का, राजा, गुलाम, अठ्ठी, दुर्री, किल्वर राजा, चौकी. यात १८ गुण आहेत. एक चौकट या बोलीला भिडूने एक इस्पिक असे उत्तर दिल्यावर या पानांनी ‘दोन बदाम’ म्हणावे. आता भिडूला चौकट अधिक पसंत असेल तर त्याला तीनच्या पायरीवर जावे लागते, आणि जोडीला इतक्या वर नेणाऱ्याजवळ निदान १७ गुण असलेच पाहिजेत. पहिल्या रंगापेक्षा वरचा रंग दुसऱ्या पायरीवर काढण्याच्या या बोलीला रिव्हर्स म्हणतात आणि ती एका फेरीपुरती सक्तीची असते. उघडणाऱ्याने एक पायरी ओलांडून नवा रंग काढला, जसे एक चौकट, एक इस्पिक, आणि मग तीन किल्वर, तर त्याचे बळ १९ गुणांच्या आसपास किंवा अधिक समजतात आणि तेथे गेमची सक्ती होते.

चौथा रंग ही यांतील सर्वांत उपयुक्त आणि नवख्यांना सर्वांत अपरिचित सक्ती आहे. तीन रंग बोलून झाल्यावर उत्तर देणाऱ्याने उरलेला चौथा रंग काढला तर त्याचा अर्थ तो रंग आपल्याजवळ आहे असा नसून, भिडूने आपल्या पानांचे आणखी वर्णन करावे असा असतो. समजा उत्तर देणाऱ्याची पाने अशी आहेत : इस्पिक एक्का, राणी, गुलाम, सत्ती, चौकी, बदाम अठ्ठी, पंजी, तिर्री, चौकट राजा, छक्की, किल्वर राजा, गुलाम, चौकी. गुण १४ आहेत. भिडूने एक चौकट म्हटले, यावर एक इस्पिक हे उत्तर गेले, आणि भिडू दोन किल्वर म्हणाला. गेम तर निश्चित आहे, परंतु बदामांत अडवणूक, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना त्या रंगात रोखणारे पान, नसल्यामुळे तीन नो ट्रम्प धोक्याचा आहे, आणि चार इस्पिक म्हणावे तर भिडूजवळ इस्पिके किती आहेत हे ठाऊक नाही. अशा वेळी ‘दोन बदाम’ ही चौथ्या रंगाची बोली प्रश्न सोडवते. भिडूने इस्पिकाला पाठिंबा दिला तर चार इस्पिक, त्याने दोन नो ट्रम्प म्हणून बदामांची अडवणूक दाखवली तर तीन नो ट्रम्प. ही सक्ती एका फेरीची की गेमपर्यंतची, हे मात्र जोडीने आधीच ठरवावे. नव्या जोड्यांनी ती गेमपर्यंतची मानणे सोयीचे असते.

एक नो ट्रम्पवरील दोन प्रकारच्या उत्तरांवरही पास म्हणता येत नाही. ‘दोन किल्वर’ ही स्टेमन नावाची बोली भिडूजवळ चार पानी मेजर रंग आहे काय असे विचारते, आणि ‘दोन चौकट’ व ‘दोन बदाम’ या ट्रान्स्फर बोली अनुक्रमे पाच किंवा अधिक बदाम व इस्पिके दाखवून भिडूने त्या रंगाचे नाव घ्यावे असे सांगतात. ट्रान्स्फर करणाऱ्याजवळ एकही गुण नसला तरी भिडूला ती आज्ञा पाळावीच लागते, म्हणजे सक्ती ही नेहमी बळाची खूण असते असे नाही.

दोन किल्वर : सर्वांत सशक्त पानांची बोली

सम वाटणीची सशक्त पाने सांगण्याची एक ठरीव शिडी असते. १५ ते १७ गुणांना एक नो ट्रम्प; १८ किंवा १९ गुणांना आधी एक रंग आणि मग उडी मारून दोन नो ट्रम्प; २० किंवा २१ गुणांना थेट दोन नो ट्रम्प; २२ ते २४ गुणांना आधी दोन किल्वर आणि मग दोन नो ट्रम्प; २५ ते २७ गुणांना आधी दोन किल्वर आणि मग तीन नो ट्रम्प. यातील दोन किल्वर ही बोली कृत्रिम आहे, म्हणजे तिचा किल्वर रंगाशी संबंध नसतो, आणि तिच्यावर उत्तर देणाऱ्याने शून्य गुण असले तरी पास म्हणावयाचे नसते. लांब रंग असलेल्या पानांसाठी कसोटी वेगळी आहे : भिडूची जवळजवळ काहीच मदत न घेता गेम होण्यास एखादाच दस्त कमी पडत असेल, आणि पानांत एक्के-राजेही भरपूर असतील, तर दोन किल्वरने सुरुवात करावी. राजा-राणी-गुलामापासून खाली आठ इस्पिके, आणि बाहेर काहीच नाही, अशी पाने कितीही आकर्षक वाटली तरी ती सशक्त नव्हेत. ती प्रतिस्पर्ध्यांची वाट अडवण्यासाठी उंच पायरीवर बोलण्याची पाने आहेत.

एक उदाहरण सविस्तर पाहू या. उघडणाऱ्याची पाने : इस्पिक एक्का, राजा, राणी, गुलाम, अठ्ठी, छक्की, बदाम एक्का, राजा, पंजी, चौकट एक्का, सत्ती, किल्वर राजा, चौकी. गुण २४ आणि हातचे नऊ दस्त. भिडूची पाने : इस्पिक दश्शी, सत्ती, तिर्री, बदाम अठ्ठी, दुर्री, चौकट नव्वी, छक्की, पंजी, चौकी, किल्वर गुलाम, अठ्ठी, पंजी, तिर्री. गुण एकच. उघडणाऱ्याने ‘एक इस्पिक’ म्हटले असते तर भिडूने पास म्हटले असते आणि डाव तेथेच संपला असता. ‘दोन किल्वर’ म्हटल्यावर भिडू ‘दोन चौकट’ म्हणतो. ही वाट पाहणारी कृत्रिम बोली आहे. उघडणारा ‘दोन इस्पिक’ म्हणतो, आणि आता गेमपर्यंत थांबता येत नाही. भिडू चार इस्पिकवर उडी मारतो. बदामाचे एक्का व राजा खेळून तिसरे बदाम भिडूकडील इस्पिक दश्शीने मारले की दहावा दस्त होतो, आणि प्रतिस्पर्ध्यांजवळ नव्वीहून मोठा हुकूम नसल्यामुळे त्यांना त्या दश्शीवर मात करता येत नाही.

आता उघडणाऱ्याची तीच पाने ठेवून भिडूच्या इस्पिक व बदाम रंगांतही बदल न करता त्याला चौकट राजा, राणी, पंजी, चौकी आणि किल्वर एक्का, अठ्ठी, पंजी, तिर्री द्यावीत. त्याचे गुण नऊ होतात, परंतु पाच पानी चांगला रंग नसल्यामुळे तोही पहिल्या फेरीत ‘दोन चौकट’च म्हणतो. ‘दोन इस्पिक’वर मात्र तो उडी मारत नाही, तर सावकाश ‘तीन इस्पिक’ म्हणतो. गेमची सक्ती असताना हळू दिलेला पाठिंबा बलवान आणि उडी मारून दिलेला पाठिंबा दुबळा असतो, हे तत्त्व नव्या खेळाडूंना उलटे वाटते, परंतु त्यात मोठा अर्थ आहे : थांबण्याची भीती नसल्यामुळे ज्याच्याजवळ सांगण्यासारखे आहे तो जागा वाचवतो, आणि ज्याच्याजवळ काही नाही तो विषय संपवून टाकतो. आता उघडणारा ‘चार नो ट्रम्प’ म्हणतो. ईझली ब्लॅकवुड यांनी १९३३ मध्ये मांडलेली ही बोली एक्के किती असे विचारते. पाच किल्वर म्हणजे एकही नाही किंवा चारही, पाच चौकट म्हणजे एक, पाच बदाम म्हणजे दोन आणि पाच इस्पिक म्हणजे तीन. भिडू ‘पाच चौकट’ म्हणतो. ‘पाच नो ट्रम्प’ या बोलीने राजे विचारल्यावर तो ‘सहा चौकट’ म्हणून एक राजा दाखवतो, आणि बाकीचे तीन राजे उघडणाऱ्याजवळच असल्यामुळे तो राजा चौकटचा असल्याचे निश्चित होते. सहा इस्पिके, बदामाचे दोन, चौकटीचे दोन, किल्वरचे दोन आणि तिसऱ्या बदामावर भिडूचा हुकूम असे तेरा दस्त मोजून उघडणारा ‘सात इस्पिक’ म्हणू शकतो. दोघांचे मिळून गुण ३३ च आहेत, म्हणजे ग्रँड स्लॅमच्या ठोकळ अपेक्षेपेक्षा चार कमी. तरीही वचन जवळजवळ निर्धास्त आहे, आणि ते शक्य झाले ते केवळ सक्तीमुळे सावकाश बोलता आले म्हणून.

एक सावधगिरी येथे सांगणे आवश्यक आहे. दोन किल्वर, दोन चौकट, दोन नो ट्रम्प या क्रमानंतर गेमची सक्ती राहत नाही, कारण उघडणाऱ्याने आपले बळ २२ ते २४ असे मर्यादित केलेले असते, आणि अगदी रिकाम्या पानांच्या भिडूला तेथे पास म्हणता येते. तसेच एखाद्या रंगाचे एकही पान नसेल, किंवा न बोललेल्या रंगातील पहिले दोन दस्त गमावण्याची भीती असेल, तर एक्क्यांची संख्या कळूनही उपयोग होत नाही. अशा वेळी चार नो ट्रम्पचा मोह टाळून कोणत्या रंगात एक्का किंवा राजा आहे हे त्या रंगाची बोली करून दाखवावे.

एक किल्वर : दुसरा मार्ग

सशक्त पानांसाठी सर्वांत खालची बोली राखून ठेवण्याची कल्पना व्हँडरबिल्ट यांच्याच पद्धतीत होती. सी. सी. वेई यांनी तिला प्रिसिजन या पद्धतीचे सुटसुटीत रूप दिले, आणि ती वापरणारा तैवानचा संघ १९६९ च्या बर्म्युडा बोल या जागतिक स्पर्धेत दुसरा आल्यावर तिचा जगभर प्रसार झाला. प्रिसिजनमध्ये १६ किंवा अधिक गुणांची जवळजवळ सर्व पाने ‘एक किल्वर’ने उघडतात. ० ते ७ गुणांचा भिडू ‘एक चौकट’ म्हणतो, आणि ८ किंवा अधिक गुणांची अन्य उत्तरे गेमची सक्ती निर्माण करतात. लाभ असा की सशक्त पानांचे वर्णन पहिल्याच पायरीपासून सुरू होते आणि अन्य सर्व सुरुवातीच्या बोली १५ गुणांपर्यंत मर्यादित होतात. तोटा असा की उघडणाऱ्याने अजून एकही रंग सांगितलेला नसताना प्रतिस्पर्धी उंच बोली करून जोडीची सारी जागा हिरावून घेऊ शकतात. नव्या जोडीने निदान वर्षभर तरी नैसर्गिक पद्धत आणि सशक्त दोन किल्वर यांवरच खेळावे आणि मग प्रिसिजनचा विचार करावा, असे सुचवणे योग्य ठरेल.

प्रतिस्पर्धी मध्ये बोलल्यास

गेमची सक्ती झाल्यावर प्रतिस्पर्ध्यांनी उंच बोली केली, तर त्यांना डबलविना खेळू देता येत नाही, आणि म्हणून अशा वेळी केलेला पासही सक्तीचा ठरतो. त्याचा अर्थ, डबल द्यावी की पुढे जावे याचा निर्णय भिडूने घ्यावा, असा असतो. दोन किल्वरनंतर मधल्या प्रतिस्पर्ध्याने बोली केल्यास उत्तर देणाऱ्याचा पास हा कंटाळा किंवा नकार नसून भिडूला मोकळी जागा देणे असते, हे दोघांनीही समजून असावे. प्रतिस्पर्ध्यांच्याच रंगाची बोली करणे हीदेखील सक्तीची बोली असून ती सहसा उत्तम पाठिंबा किंवा गेमचे बळ दाखवते.

शिस्त, समाज आणि सराव

ब्रिजच्या नियमांप्रमाणे जोडीतील कोणताही करार गुप्त ठेवता येत नाही. एखाद्या बोलीचा अर्थ प्रतिस्पर्ध्यांनी विचारला तर तो भिडूने स्पष्टपणे सांगावा लागतो, आणि कृत्रिम बोली झाली की तिची सूचना द्यावी लागते. आवाजाचा चढउतार, पास म्हणण्यापूर्वीचा मुद्दाम केलेला विलंब, चेहऱ्यावरची नाराजी यांतून माहिती देणे हा नियमभंग आहे. घरगुती मेंढीकोटमध्ये भिडूला डोळ्याने खूण करणे गंमत म्हणून खपून जाते, परंतु ब्रिजमध्ये ती सवय पहिल्याच दिवशी सोडावी, कारण ज्या खेळात बोलीचे इतके समृद्ध साधन उघडपणे दिलेले आहे, तेथे चोरट्या खुणेने मिळवलेले यश खेळाचेच मोल घालवते.

पत्त्यांकडे जुगार म्हणून पाहण्याची भावना गावांत अजून आहे, आणि पैशाच्या पत्त्यांनी घरे मोडलेली पाहिलेल्या पिढीची ती भीती अनाठायी नाही. परंतु ब्रिजला पैज लागत नाही. डुप्लिकेट पद्धतीत तीच पाने वेगवेगळ्या टेबलांवर खेळवली जाऊन निकाल तुलनेने ठरतो, त्यामुळे चांगली पाने येण्याच्या नशिबाला फारसे स्थान उरत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही १९६०च्या दशकातील आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवताना ब्रिजचा दाखला दिला होता. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार या ज्येष्ठ जोडीने भारताला ब्रिजमध्ये सुवर्णपदक मिळवून दिले, तेव्हा हा खेळ वयाची अट न घालणारा आहे हेही सर्वांनी पाहिले. पेडणे आणि डिचोलीतील वाचनालये, शाळा व निवृत्तांची मंडळे यांना चार खुर्च्या आणि एक पत्त्यांचा जोड यांपलीकडे भांडवल लागत नाही.

सशक्त पाने क्वचित येतात, म्हणून त्यांचा सराव मुद्दाम करावा लागतो. जोडातून तीन एक्के व तीन राजे बाजूला काढून एका खेळाडूला द्यावेत, उरलेली ४६ पाने पिसून त्यांतील सात त्याला आणि प्रत्येकी तेरा इतर तिघांना वाटावीत. पहिल्या सहा पानांतच २१ गुण झाल्यामुळे दोन किल्वरची पाने जवळजवळ प्रत्येक वाटपात तयार होतात. आधी केवळ बोली पूर्ण करावी, मग सर्व पाने उघडून दोघांनी आपापल्या प्रत्येक बोलीचा अर्थ सांगावा, आणि अर्थ जुळला नाही ती जागा वहीत नोंदवावी. पावसाळ्यातल्या लांब संध्याकाळी किंवा चवथीला सारे कुटुंब एकत्र जमलेले असताना अशी दहा-बारा वाटपे केली, तर एखाद्या पुस्तकातून होणार नाही इतकी प्रगती होते.

त्या वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येक जोडीने पाच प्रश्नांची उत्तरे लिहावीत. दोनच्या पायरीवरचा नवा रंग एका फेरीची सक्ती करतो की गेमपर्यंतची? चौथ्या रंगाची सक्ती कोठपर्यंत टिकते? दोन किल्वरनंतर कोणत्या क्रमावर थांबता येते? रिव्हर्सनंतर दुबळी पाने कशी सांगावयाची? प्रतिस्पर्धी मध्ये बोलल्यास कोणता पास सक्तीचा? ही उत्तरे कोणती आहेत याला फारसे महत्त्व नाही, कारण अनेक पद्धती सारख्याच यशस्वी ठरलेल्या आहेत. महत्त्व आहे ते दोन्ही भिडूंची उत्तरे एकच असण्याला. म्हणून पत्ते पिसण्यापूर्वी भिडूसमोर बसून ही पाच उत्तरे लिहून घ्यावीत, आणि मगच पहिले वाटप करावे.